उत्तरेच्या खोलीतलं ऊन

कुलूप काढून मिरीनं दार ढकललं आणि ती उंबऱ्यावरच थबकली. खोलीतली हवा भट्टीतून निघाल्यासारखी गरम होती, आणि तिला शिळ्या मासळीसारखा वास येत होता.

हातातली पिशवी तिथेच टाकून ती खिडकीजवळच्या टेबलाकडे धावली. टेबलावर काचेची मोठी पेटी होती. पेटीत ओली वाळू, एक गोड्या पाण्याची वाटी, एक खाऱ्या पाण्याची आणि चार हर्मिट क्रॅब. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण खरं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतात ते हे खेकडे. मागचं अंग मऊ, म्हणून रिकामा शंख शोधायचा आणि त्यात शिरून बसायचं. शंख लहान पडला की नवा शोधायचा. लगोरी, घागर आणि बटण हे तिघं पाण्याच्या वाटीला चिकटून अर्धे बाहेर लोंबत होते. चौथा म्हातारा. सगळ्यांत मोठा, जांभळ्या नांगीचा. तो शंखातून पूर्ण बाहेर येऊन वाळूवर पडला होता.

मिरीनं त्याला बोटानं हळूच हलवलं. मग पुन्हा हलवलं.

पेटीच्या काचेला चिकटवलेल्या तापमापकावर तेहतीस दिसत होते. दादानं जाताना शिकवलेलं तिला तोंडपाठ होतं. यांना चोवीस ते अठ्ठावीसच्या मध्ये ठेवायचं. गारठले तर सुस्तावतात, तेव्हा काचेला बाहेरून लावलेली गरम पट्टी चालू करायची. पण तापू मात्र द्यायचं नाही. गारठलेला खेकडा वाट बघतो, तापलेला बघत नाही. आणि तापलाच, तर गार पाणी ओतून घाबरवायचं नाही, साधं पाणी शिंपडायचं.

तिनं झाकण काढलं, साधं पाणी शिंपडलं, पेटी ओढत ओढत पलंगाखालच्या सावलीत नेली आणि वहीनं वारा घालत बसली. हळूहळू तिघं शंखात परतले. म्हातारा तसाच पडून राहिला.

आई संध्याकाळी आली. ती कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची, आणि घरी येईस्तोवर तिच्या अंगठ्यावर कात्रीचा वळ उमटलेला असायचा. तिनं पेटीकडे पाहिलं, पट्टीच्या वायरीकडे पाहिलं, आणि पट्टी बंद करायला विसरलीस का, असं विचारलं. मिरी म्हणाली, पट्टी बंदच होती. आईला ते पटलं नाही हे दिसत होतं. मग खिडकी लावायला गेलेली आई पडद्यापाशी थांबली. पडद्याच्या कडेला तपकिरी डाग होता, आणि डागाच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक.

"मिरे," आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "काडी ओढलीस का तू?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही ओढली."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पलंगावर बसली आणि बराच वेळ अंगठा चोळत राहिली. दादा असताना त्याचं लक्ष असायचं, आता घरात कोणी नाही, असं काहीसं ती म्हणाली. एक दिवस घराला आग लागेल. रविवारी तिला सुट्टी, तेव्हा हे खेकडे पाळीव प्राण्यांच्या दुकानात देऊन यायचे, म्हणजे पट्टी नको आणि घोरही नको.

जेवणानंतर दादाचा फोन आला. दादा दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं शिकायला गेला होता. बाबा मिरी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरातलं हसणं, ओरडणं, भांडणं सगळं दादाकडेच होतं, आणि तो ते सगळं बरोबर घेऊन गेल्यासारखं झालं होतं.

"म्हातारा काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"बरा आहे," मिरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इमारतीमागच्या मोकळ्या जागेत चमच्यानं खड्डा खणत होती, तेव्हा डोक्यावरून आवाज आला. आवाज कसला, भोंगाच तो.

"खजिना पुरतेस की उकरतेस?"

तळमजल्यावरच्या आजोबांचा हा नातू, सुट्टीपुरता आलेला. आवाजामुळे त्याला सगळे भोपू म्हणत. त्याच्या मागे त्याची धाकटी बहीण उभी होती. तो जाईल तिथे ही मागे, म्हणून तिचं नाव शेपूट. मिरीनं दोघांना पायऱ्यांवर पाहिलं होतं, पण बोलणं असं झालं नव्हतं. तशी ती सुट्टीत कोणाशीच बोलली नव्हती. मुलगी दिवसभर घरात एकटी नको म्हणून आईनं तिला दुपारच्या चित्रांच्या वर्गात घातलं होतं. तिथल्या सगळ्या मुली एकाच शाळेतल्या. त्या आपसात कुजबुजत हसायच्या, आणि मिरी आपला कागद रंगवून घरी यायची.

तिनं ओंजळीतला शंख दाखवला. आत म्हातारा होता. ती त्याला त्याच्या घरासकट पुरणार होती. भोपू काहीतरी चेष्टा करायच्या बेतात होता, पण तिच्याकडे बघून त्यानं ती आवरली. शेपटीनं मात्र उकिडवं बसून विचारलं, "हा कशानं मेला?"

"उकाड्यानं. पण आमच्या खोलीत उकाडा येतोच कुठून ते कळत नाही. खिडकी उत्तरेला आहे. वर्षभर ऊन येत नाही. कपडे वाळत नाहीत म्हणून आई कुरकुरते."

"खोलीत काही गरम चालू राहिलं असेल," भोपू म्हणाला.

"खेकड्यांची गरम पट्टी आहे, पण ती बंद होती. शप्पथ."

तिला वाटलं, हाही आता आईसारखाच बघणार. पण भोपूनं खांदे उडवले. "बंद होती म्हणतेस तर बंद होती. म्हणजे दुसरं काहीतरी आहे. चल, खोली दाखव."

इतकं सोपं होतं ते. मिरीनं खाली मान घालून खड्ड्यावर जरा जास्तच माती लोटली.

वर गेल्यावर भोपूनं आधी पंपवाल्या काकांवर संशय घेतला, कारण इमारतीतल्या सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे असत. मिरी म्हणाली, त्यांना दोन मजले चढायचे तर मध्ये तीनदा बसावं लागतं, ते कुणाची खोली कशाला तापवायला येतील? मग भोपू तापमापकाची बटणं दाबत सुटला. हे दाब, ते दाब. एकदम आकडा बदलला आणि बाजूला बारीक अक्षर उमटलं. आतापर्यंतचं सगळ्यांत जास्त तापमान हे यंत्र लक्षात ठेवायचं.

बेचाळीस.

मिरीनं आकडा पुन्हा वाचला. ती वर्गात बसून पेल्यातल्या फुलांचं चित्र काढत होती, तेव्हा इथे म्हातारा बाहेर पडायला वाट शोधत होता.

त्यांनी तो आकडा पुसला. गरम पट्टी वायरीसकट सोडवून भोपूनं खिशात टाकली. तिन्ही खेकडे ओल्या वाळूच्या झाकणवाल्या टोपात घालून खाली आजोबांकडे नेले. रिकामी पेटी आणि तापमापक टेबलावरच ठेवले. आणि मिरीला एक युक्ती सुचली. दादाच्या जुन्या डब्यात मेणखडूंचे तुकडे होते. तिनं ते घरभर ठेवले, पलंगावर, शेगडीच्या ओट्यावर, कपाटाच्या फळीवर, टेबलावर आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं. जिथे उष्णता येते, तिथला खडू वितळेल.

"डोकं आहे हं तुला," भोपू म्हणाला. "बोलत नाहीस म्हणून कळत नाही."

त्या दिवशी वर्गातून ती पळतच आली. दोघं जिन्यात थांबलेले होते. दार उघडलं तर तीच भट्टीतली हवा. पट्टी भोपूच्या खिशात, तरी तापमापकानं लक्षात ठेवलेला आकडा एक्केचाळीस. पलंगावरचा खडू जसाच्या तसा, ओट्यावरचा तसाच. कट्ट्यावरचे मात्र वितळून एकमेकांत मिसळले होते, टेबलावरच्यांचीही तीच गत, आणि वितळलेल्या रंगांची एक वाकडी वाट खिडकीपासून टेबलाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"काहीतरी चालत जातंय इथून," शेपूट म्हणाली, आणि पटकन भावाच्या मागे सरकली.

आता एकच मार्ग उरला होता, वर्ग बुडवून घरी बसायचं. मिरीनं आजवर कधी काही बुडवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिघं पलंगावर पाय वर घेऊन बसले आणि खिडकीकडे टक लावून पाहत राहिले. आभाळ भरून आलं होतं. काहीच झालं नाही. शेपटीला तर झोप लागली.

"मागच्या रविवारीही असंच ढगाळ होतं," मिरी विचार करत म्हणाली. "आई त्या दिवशी दिवसभर घरी होती आणि पेटी गार होती. म्हणून तिला खरं वाटत नाही."

त्याच्या दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दुपार कलली, आणि खिडकीच्या डाव्या कडेला अचानक एक पांढराशुभ्र कवडसा उगवला. ताटाएवढा. त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो गोगलगाईच्या चालीनं पडद्यावर सरकला, तसा पडद्यातून धुराचा बारीक धागा निघाला. मिरीनं पडदा झटकन बाजूला ओढला. कवडसा कट्ट्यावर उतरला, टेबलावर चढला, रिकाम्या पेटीवर आला. तापमापकाचे आकडे डोळ्यांदेखत चढू लागले.

भोपूनं डोळ्यांवर हात धरून खिडकीबाहेर डोकावलं आणि लगेच मागे आला. "ते बघ. समोर!"

रस्त्यापलीकडे फर्निचरचं नवं दालन झालं होतं. त्याची दर्शनी भिंत आतल्या बाजूला वळवलेली होती, सुपासारखी, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत चकचकीत स्टीलचा पत्रा ठोकलेला होता. मागच्याच आठवड्यात उद्घाटन झालं, तेव्हा त्यावरचं कापड काढलं गेलं होतं. दक्षिणेचं सगळं ऊन त्या सुपात गोळा होत होतं आणि रस्ता ओलांडून नेमकं मिरीच्या खिडकीत ओतलं जात होतं. सूर्य सरकला की कवडसाही सरके. वर्गातून मिरी परत येईपर्यंत तो पुढच्या भिंतीवर गेलेला असायचा. मागे राहायची ती फक्त गरम हवा.

तिघंही त्याच पावली खाली धावले आणि दालनाच्या साहेबांपुढे उभे राहिले. साहेब गोलमटोल होते, डोक्याला चकचकीत टक्कल, आणि बोलताना ते गिऱ्हाईक आत येतंय का, हे मुलांच्या डोक्यांवरून बघत होते. मिरीनं सगळं सांगितलं, खेकडे, पडदा, खडू. साहेब हसले. ऊन नको असेल तर सूर्याकडे तक्रार करा म्हणाले. हा पत्रा खास बाहेरून मागवलेला आहे, असंही म्हणाले. आणि हात लावून डाग पाडू नका, असं म्हणून त्यांनी दार दाखवलं.

मिरीनं ठरवलं, आईला सगळं सांगायचं. पण तिच्याआधी चित्रांच्या बाईंचा फोन कारखान्यात पोचला होता. मुलगी दोन दिवस वर्गाला आलीच नाही. आईनं दारातच विचारलं, आणि मिरीच्या तोंडून कवडसा, सूप, साहेब असं सगळं एकदम बाहेर पडलं. पुढचं मागे, मागचं पुढे. ऐकता ऐकता आईचा चेहरा आणखीच थकत गेला.

"समोरच्या दुकानानं आपल्या घरात आग लावली?" ती म्हणाली. "मिरे, चूक झाली तर झाली म्हणावं. एवढी मोठी गोष्ट रचावी लागते का?"

मिरी त्या रात्री भिंतीकडे तोंड करून निजली. खेकड्यांबद्दल दादानं एकदा सांगितलं होतं, की हे नेहमी सोबतीनं राहतात, एकटा पडला की खाणं सोडतो. तिला सारखं तेच आठवत राहिलं. खेकडे आता सुरक्षित होते, आजोबांच्या पलंगाखालच्या गारव्यात. पण रविवारी ते दुकानात जाणार होते, आणि मग तिच्याकडे दादाचं काहीच उरणार नव्हतं.

शनिवारी सकाळी ती भोपूकडे गेली. शनिवारी आईचा अर्धा दिवस असे.

"आपलं कोणी ऐकत नाही," ती म्हणाली. "साहेबांचं मात्र सगळे ऐकतील. त्यांनाच माझ्या खोलीत आणायचं."

"ते कशाला येतायत?"

"त्यांच्या काचेवर लिहिलंय, घरी येऊन माप घेतो म्हणून. मला पेटी ठेवायला फळ्या हव्यातच. हव्यात हे खरं आहे. घेणार असं कुठे म्हणतोय?"

भोपूनं तिच्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. मग आजोबांचा फोन घेऊन, घसा खाकरून, आपल्या भोंग्याचा मोठ्या माणसासारखा आवाज काढला, पत्ता दिला आणि दुपार कलताना या म्हणून सांगितलं. शेपूट उशी तोंडावर दाबून हसत होती.

साहेब आले ते फीत गळ्यात टाकून, हातात प्लॅस्टिकचं नमुन्यांचं पुस्तक घेऊन. मुलांना पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मोठं कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं. आई येतेच आहे, तोवर बसा, असं मिरीनं सांगितलं. घरात खुर्ची एकच, आणि ती टेबलाशेजारी मांडलेली. साहेब बसले आणि फळ्यांचं गुणगान करू लागले. सागाची घ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुलं माना डोलवत खिडकीच्या डाव्या कडेकडे बघत होती.

कवडसा आला. कट्टा ओलांडून टेबलावर चढला. साहेबांच्या खांद्यापासून वीतभर दूर होता, तेव्हा ते रुमालानं टक्कल पुसू लागले.

"फारच ऊन येतं हो तुमच्या खोलीत. पडदा तरी लावा."

"आमच्या खोलीत ऊन येतच नाही," शेपूट म्हणाली. "ही उत्तरेची खोली आहे."

भोपूला आणखी थोडी मजा बघायची होती. त्यानं मिरीला डोळ्यानं खुणावलं, थांब. पण मिरीला वाळूवर पडलेला म्हातारा आठवला. त्याला उठ म्हणून सांगायला कोणी नव्हतं. ती पुढे झाली आणि तिनं साहेबांची बाही धरून ओढली.

"साहेब, उठा. भाजेल तुम्हाला. लवकर उठा."

साहेब उठले ते गोंधळूनच. नमुन्यांचं पुस्तक खुर्चीवर राहिलं. कवडसा त्यावर आला, आणि त्याचं चकचकीत वेष्टण आधी फुगलं, मग आक्रसलं, मग जळक्या वासासह दुमडत गेलं. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. समोर त्यांचंच दालन पेटल्यासारखं झळकत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अरे देवा," ते म्हणाले. "हे रोज होतं?"

"ऊन असेल त्या दिवशी रोज," दारातून उत्तर आलं. दारात आई उभी होती. ती केव्हा आली ते कुणाला कळलं नव्हतं. ती खुर्चीवरच्या वितळलेल्या पुस्तकाकडे बघत होती, आणि मग पडद्यातल्या भोकाकडे. "माझ्या मुलीनं मला सांगितलं होतं."

त्यानंतर सगळं भराभर झालं. साहेबांनी त्याच संध्याकाळी पत्र्यावर जाड कापड ओढून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात पत्रा काढून तिथे साध्या फळ्या बसवल्या. ते पुन्हा वर आले, मिरीपुढे अवघडून उभे राहिले आणि म्हणाले की त्या दिवशी दार दाखवलं, ती चूकच झाली. कोणाच्या पाळण्यावर तो कवडसा पडला असता तर, या विचारानं त्यांना झोप लागली नव्हती. पेटीसाठी फळी त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली, खिडकीपासून लांबच्या भिंतीवर. आजोबांनी तिघांना ओळीत उभं करून शाबासकी दिली. मोठी माणसं नुसती बघतात, तुम्ही मोजलंत, असं ते म्हणाले. पंपवाल्या काकांनी जिन्यात तीनदा बसून सगळी हकिकत ऐकून घेतली.

 रविवारी आई खेकडे घेऊन दुकानात गेली नाही. मिरीचे केस विंचरत असताना मध्येच तिचा हात थांबला.

"मी ऐकायला हवं होतं," ती म्हणाली. "दमले की मला ऐकूच येत नाही गं."

मिरीनं मान हलवली. तिला बरं वाटलं, पण म्हातारा परत येणार नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

सुट्टी संपत आली तसे भोपू आणि शेपूट आपल्या गावी गेले. गाडी वळेपर्यंत भोंगा ऐकू येत होता. मिरी वर आली. खोलीत पूर्वीसारखाच मंद, गार उजेड होता. लगोरी आणि घागर काकडीच्या फोडीवरून ढकलाढकली करत होते. बटण त्यांच्या मधून वाट काढत होता. तापमापकावर सव्वीस. तिनं उगाचच कमाल आकडा पाहिला. तोही सव्वीस.

जेवणानंतर दादाचा फोन आला.

"म्हातारा काय म्हणतो?"

मिरीनं भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. मग तिनं सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून, वाळूवर तो कसा पडला होता इथपासून. रोज 'बरा आहे' म्हणून खोटं सांगितलं, हेही सांगितलं.  फोन तुटला असं तिला वाटलं.

"दादा?"

"आहे इथेच." त्याचा आवाज बसला होता. "मिरे, मीही तुला रोज सांगतो ना, इथे मजेत आहे म्हणून. खूप मित्र झालेत म्हणून."

"हो."

"एकही नाही झाला अजून."

मिरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसली. आईनं भांड्यांचा नळ बंद केला.

"मग आता सांग," मिरी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांग. मला वेळ आहे."